फिशटँकमधला मासा आजारी पडला तर: पहिल्या अर्ध्या तासापासून शेवटच्या पाणीबदलापर्यंत

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी आम्ही दहा निऑन टेट्रा घरी आणले. पिशवीतले मासे, पिशवीतलं पाणी, सगळं थेट टाकीत. बुधवारी सकाळी मोठ्या अँजलच्या परांवर कोणीतरी मीठ भुरभुरल्यासारखं दिसलं. संध्याकाळी दुकानात गेले. दुकानदाराने तीन बाटल्या काढून दिल्या: एक निळी, एक पिवळी आणि एक "सगळ्यावर चालते" अशी. "अडीच फुटी टाकी ना? दहा-दहा थेंब टाका, ताई." टाकले. गुरुवारी ठिपके वाढले म्हणून पुन्हा टाकले. शनिवारी संध्याकाळपर्यंत १९ पैकी १४ मासे गेले होते आणि माझा आठ वर्षांचा मुलगा काचेसमोर बसून उरलेले पाच पुन्हा पुन्हा मोजत होता.

ते १४ मासे ठिपक्यांमुळे मेले नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. औषधाने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मेले. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया पाण्यात साठत गेला आणि मासे त्यात भाजून निघाले. रोग बरा होण्यासारखा होता, माझ्या उपचाराने त्यांचा जीव घेतला.

तेव्हा जे माहीत असायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. हे सगळं गोड्या, कोमट पाण्यातल्या नेहमीच्या माशांसाठी आहे: गप्पी, मॉली, अँजल, टेट्रा, बार्ब, गोरामी, फायटर, कोरी. समुद्री टाकीचा मामला निराळा आहे, त्याला हे लावू नका.

१. पहिला अर्धा तास काहीही ओतू नका

हात शिवशिवतात, मला माहीत आहे. तरी स्टूल घ्या, टाकीसमोर बसा आणि वहीत लिहा. सगळे मासे बिघडलेत की एकच? एकच असेल तर बहुधा त्याला रोग आहे किंवा मार बसलाय. सगळेच एकदम मलूल झाले असतील तर जवळजवळ नक्की पाणी बिघडलंय.

मग श्वास बघा. कल्ले किती भराभर हलतात, ते त्याच जातीच्या धडधाकट माशाशी ताडून पाहा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे, किंवा कल्ले पोळलेत. मात्र गोरामी आणि फायटर हे वर येऊन हवा घेतातच, त्यांच्या शरीरात तशी सोयच असते. कोरीसुद्धा मधूनच बाणासारखा वर जाऊन घोट घेऊन येतो. त्यावरून घाबरू नका.

पर मिटून घेतलेत का? खडीला किंवा दगडाला अंग घासतोय का? विष्ठा कशी आहे, खाल्लेल्या अन्नाच्या रंगाची की पांढऱ्या दोऱ्यासारखी? खाणं घातल्यावर येतो का, की घास घेऊन थुंकतो? शेवटी दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा. समोरून न दिसणारी धूळ, ठिपके, उचललेले खवले असे तिरप्या उजेडात दिसतात. आणि फोटो काढून ठेवा. उद्या वाढलं की कमी झालं, हे आठवणीवर सोडलं तर मन आपल्याला हवं तेच सांगतं.

याच वेळी घरातल्यांना एक प्रश्न विचारा: गेल्या दोन दिवसांत काय झालं? पेस्ट कंट्रोल, डासांचा स्प्रे, दिवाळीचा रंग, फिनेल, सोसायटीची टाकी धुणं. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. झुरळं-डास मारायच्या औषधांत जी पायरेथ्रॉइड जातीची रसायनं असतात, ती माणसाला फारशी जाणवत नाहीत, पण माशांना जहर आहेत.

२. पाणी मोजा

डोळ्यांना काचेसारखं स्वच्छ दिसणारं पाणी विषारी असू शकतं. म्हणून टेस्ट किट लागतो. पट्ट्यांपेक्षा थेंबांचा किट घ्या, महाग वाटतो पण वर्षभर पुरतो. मला तो तीन बाटल्यांच्या दुकानात मिळाला नाही, ऑनलाइन मागवावा लागला. तो येईपर्यंत थांबायचं नसतं, ते पुढच्या पायरीत सांगते.

आकडे असे हवेत: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅमच्या) खाली, तापमान २४ ते २८ अंश.

यामागचं गणित सोपं आहे. मासे अमोनिया सोडतात. फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करून असलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन विषं, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी, तेही पाणी बदलताना निघून जातं. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. "टाकी आणली, दुसऱ्या दिवशी मासे सोडले, दहाव्या दिवशी मरायला लागले" ही गोष्ट नव्याने मासे पाळणाऱ्या बहुतेक घरांत घडते, आणि त्यात रोगाचा काही संबंध नसतो.

आणखी एक खाच आहे. किट दाखवतो तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग किती, हे पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ठरवतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की विषारी भाग जवळपास दहापट होतो. त्यामुळे बोअरवेलच्या, म्हणजे बहुधा जास्त पीएचच्या, पाण्याच्या टाकीत किटवर अमोनियाची फिकट हिरवी झाक आली तरी ती गांभीर्याने घ्या.

जुन्या, बसलेल्या टाकीत अमोनिया दिसला तर फिल्टर कोणी धुतला ते शोधा. आमच्याकडे सासूबाईंनी प्रेमाने स्पंज नळाखाली खळखळून, पांढराशुभ्र करून आणला होता. नळाच्या क्लोरिनने सगळी वस्ती साफ. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोन-तीनदा पिळून. थोडा मळकट राहिला पाहिजे.

३. पाणी बदला

निदान काहीही निघो, हे करायचंच. किट नसेल तर याच पायरीपासून सुरुवात करा.

तिसरा हिस्सा पाणी काढा, सायफनची नळी खडीत खुपसून, म्हणजे तळाचा गाळही येईल. नळी तोंडाने ओढू नका. माशांच्या टाकीत क्षयरोगाच्या जिवाणूंच्या कुळातला एक जिवाणू असू शकतो, तो हातावरच्या जखमेतून शिरला तर त्वचेवर महिनोन्‌महिने न जाणाऱ्या गाठी येतात. हाताला खरचटलेलं असेल तर लांब हातमोजा घाला.

नवीन पाणी भरण्याआधी त्यात अँटी-क्लोरिन टाका. ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे तेच. बादली रात्रभर उघडी ठेवली तर साधं क्लोरिन उडून जातं, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते उडत नाही, म्हणून मी दोन्ही करते. नव्या-जुन्या पाण्याच्या तापमानात एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. थंडीत पुण्या-नाशकाकडे नळाचं पाणी हाताला झोंबतं, तेव्हा त्यात थोडं गरम पाणी मिसळून थर्मामीटरने बघा. कोपराने नको, ते बाळाच्या आंघोळीला ठीक आहे. सोसायटीची टाकी धुतली त्या दिवशी पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येतो. त्या दिवशी पाणी भरूच नका.

इथे एक मोठा सापळा आहे. तुमच्या टाकीचं पाणी सहा-आठ महिने बदललेलंच नसेल तर एकदम अर्धं बदलू नका. अशा पाण्याचा पीएच खाली घसरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. ताजं पाणी ओतलं की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. "पाणी बदललं आणि मासे मेले, म्हणून मी बदलतच नाही" असं सांगणारे लोक याच खड्ड्यात पडलेले असतात. अशा वेळी रोज दहा टक्के, आठवडाभर.

सगळे मासे बादलीत काढून, खडी उकळून, टाकी घासून-पुसून नव्याने भरणं हा उपचार नाही. तो माशांसाठी दुसरा आजार आहे.

निम्म्या वेळा गोष्ट इथेच संपते. पाणी बदलल्यावर चोवीस तासांत मासे हिंडू लागले तर बाटलीला हात लावू नका.

४. दवाखाना मांडा

महागडी दुसरी टाकी लागत नाही. माझा दवाखाना म्हणजे गॅलरीत ठेवलेला झाकणाचा प्लॅस्टिकचा टब. हे सामान मासा धड असतानाच जमवून ठेवा:

– २५ ते ३० लिटरचा टब, कधीही साबण न लागलेला
– छोटा एअर पंप आणि स्पंज फिल्टर (हा स्पंज नेहमी मोठ्या टाकीतच एका कोपऱ्यात चालू ठेवा, म्हणजे गरजेच्या वेळी जिवाणूंसकट तयार मिळतो)
– ५० वॅटचा हीटर आणि वेगळा थर्मामीटर. हीटरच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका
– दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, माशाला दडायला
– वेगळी जाळी, वेगळी नळी, वेगळी बादली
– अँटी-क्लोरिन, टेस्ट किट, जाडं मीठ
– सुई काढलेली ५ मिलिची सिरिंज आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा

टबात खडी नको, झाडं नकोत, दिवा नको. पाणी मोठ्या टाकीतलंच घ्या, म्हणजे माशाला धक्का बसत नाही. पण मोठ्या टाकीचं पाणीच बिघडलेलं असेल तर ताजं, क्लोरिन काढलेलं पाणी घ्या. टब लहान, त्यामुळे अमोनिया भराभर साठतो. रोज पाव हिस्सा पाणी बदलावंच लागेल.

वीज गेली तर? बॅटरीवरचा पंप नसेल तर मग्याने पाणी उचलून वीतभर वरून परत सोडत राहा. दर वीस मिनिटांनी आठ-दहा मगे. एका पावसाळी रात्री मी हे चार तास केलंय आणि मासा वाचला.

५. दुखणं ओळखा

घरच्या टाकीत वारंवार दिसतात अशीच घेते.

पांढरे ठिपके, मिठाच्या कणाएवढे, परांवर आणि अंगावर, मासा अंग घासतोय: हा व्हाइट स्पॉट, म्हणजे इक. सर्वांत जास्त दिसणारा, आणि वेळेत धरला तर बरा होणारा. याला पुढे स्वतंत्र पायरी दिली आहे. फक्त गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला रांगेत पांढरे दाणे दिसले तर तो रोग नव्हे, विणीच्या हंगामाची खूण आहे. त्या दाण्यांवर औषध ओतणारे मी पाहिलेत.

कणांपेक्षा बारीक, सोनेरी-तांबूस धूळ, टॉर्चच्या तिरप्या उजेडातच दिसणारी: व्हेल्व्हेट. हा इकपेक्षा घाई करतो. याच्या परजीवीत हरितद्रव्य असतं, म्हणून टाकीचा दिवा बंद करून वर चादर टाकणं हा उपचाराचाच भाग.

परांच्या कडा कुरतडल्यासारख्या, पांढरट किंवा लालसर: पर कुजणं, ज्याला दुकानात फिन रॉट म्हणतात. मुळाशी बहुतेक वेळा घाण पाणी किंवा टायगर बार्बसारखा चावरा शेजारी असतो. दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदललं तर सौम्य प्रकार औषधाशिवाय भरून येतो. नवीन येणारा पर आधी बिनरंगाचा, पारदर्शक असतो. त्याला रोग समजून पुन्हा औषध सुरू करू नका.

कापसाचा बोळा. इथे थांबा, कारण इथे लोक चुकतात आणि चूक महागात पडते. जखमेवर उभ्या तंतूंचा, मऊ कापसासारखा पुंजका असेल तर ती बुरशी. ती सावकाश वाढते, निळ्या औषधाला, म्हणजे मिथिलीन ब्ल्यूला दाद देते. पण तोंडाभोवती राखाडी-पांढरी कडा, किंवा पाठीवर खोगीर ठेवल्यासारखा फिकट पट्टा दिसला आणि तो दिवसाभरात पसरला, तर ती बुरशी नाही. तो कॉल्युम्नारिस नावाचा जिवाणूंचा रोग आहे. त्याला उष्णता मानवते. इक समजून हीटर वाढवला तर मासा एक-दोन दिवसांत संपतो. अशा वेळी तापमान उलट २४-२५ पर्यंत हळूहळू खाली आणा, मासा वेगळा करा, हवा वाढवा आणि जाणकार गाठा, कारण याला प्रतिजैविक लागतं.

पोट फुगलेलं आणि वरून पाहिलं तर खवले देवदाराच्या फळासारखे उभे: ड्रॉप्सी. हे रोगाचं नाव नाही, मूत्रपिंडं हरल्याचं लक्षण आहे. क्वचितच मासा वाचतो. वेगळा करून २० लिटरला एक सपाट चहाचा चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) पाण्यात घालून पाहता येतं. स्वयंपाकाचं मीठ यात घालू नका. खवले उभे नसतील आणि नुसतं पोट मोठं असेल तर आधी ती मादी आहे का ते बघा!

तिरका पोहणं, उलटा तरंगणं: पुष्कळदा बद्धकोष्ठ. दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेल्या मटाराचा कण. फायटर मटार खात नाही, त्याला उपासच पुरतो.

६. औषध मोजायला शिका

"अडीच फुटी टाकीला दहा थेंब" हे माप नाही. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा, हजाराने भागा. लिटर मिळाले. माझी टाकी ७५ गुणिले ३०, पाणी ३३ सेंटिमीटर: ७४ लिटर. त्यातून खडी आणि दगडांचे दहाएक टक्के वजा केले की साधारण ६५. हा आकडा मी टाकीच्या बाजूला चिकटवून ठेवलाय.

औषध द्यायच्या आधी फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो आणि तुम्हाला वाटतं औषध खोटं निघालं. हवा वाढवा, कारण बरीच औषधं आणि उष्णता दोन्ही प्राणवायू खातात. एका वेळी एकच औषध. दुसरं सुरू करायचं तर मध्ये निम्मं पाणी बदला आणि कोळसा परत लावून दिवसभर चालवा.

मिथिलीन ब्ल्यू फक्त टबात. मोठ्या टाकीत ते फिल्टरमधले जिवाणू मारतं, काचेच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं करतं आणि झाडांचीही वाट लावतं. मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधं हातमोजे घालून हाताळा. कोरी, लोच यांसारख्या खवले नसलेल्या किंवा वेगळे कवच असलेल्या माशांना ती पूर्ण मात्रेत सोसत नाहीत, निम्म्याने सुरुवात करा. बाटलीवर तांबं असलेलं औषध लिहिलं असेल तर गोगलगायी आणि कोळंबी आधी बाहेर काढा.

घरात उरलेली माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकीत टाकू नका. मात्रा माहीत नसते, जिवाणू मात्र निर्ढावतात. माशांचे डॉक्टर विरळा आहेत हे खरं. पण पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्या ओळखीत कोणी निघतं. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, नागपूर आणि उदगीरची मत्स्य विज्ञान महाविद्यालयं, इथे माशांचे रोग हा शिकण्या-शिकवण्याचा विषय आहे. जवळ राहत असाल तर फोन करून विचारायला संकोचू नका.

७. इक: दिवसांच्या हिशेबाने

पहिल्या फेरीत मी इथेच हरले, म्हणून जरा सविस्तर.

अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी. तिथे औषध पोहोचत नाही. तो पिकला की गळून तळाला जातो, कवच धरतो, आत शेकडो पिल्लं होतात, कवच फुटतं आणि ती पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध किंवा मीठ फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. २७-२८ अंशांना हे चक्र चार-पाच दिवसांत फिरतं, थंड पाण्यात बरेच जास्त दिवस घेतं. आता कळेल की तापमान का वाढवतात: परजीवी लवकर गळावा आणि मारता यावा म्हणून. आणि हेही कळेल की मीठ टाकल्यावर दुसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसतात, ते आधीच आत असलेले असतात. मी त्याच दिवशी घाबरून दुसरी बाटली ओतली होती.

परजीवी तळाच्या खडीत असल्यामुळे इथे उपचार मोठ्या टाकीवर करायचा, नुसता मासा टबात नेऊन भागत नाही. सगळेच मासे टबात नेणार असाल तर मोठी टाकी किमान दोन आठवडे माशांशिवाय, कोमट ठेवून चालू ठेवा.

पहिला दिवस: तिसरा हिस्सा पाणी बदला, खडी सायफन करा. हीटर काही तासांनी एकेक अंश वाढवत नेत ३० वर आणा, दिवसाला दोन-तीन अंशांहून जास्त नाही. दुसरा एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावा. २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसातच, आणि माशाचे कल्ले आधीच पोखरलेले असतात. सगळेच मासे ३० सोसत नाहीत. आपल्या सह्याद्रीच्या केरळकडच्या ओढ्यांतला डेनिसन बार्ब थंड, वाहत्या पाण्यातला आहे. तो असेल तर २७ वर थांबा आणि दिवस वाढवा.

मीठ: लिटरला २ ग्रॅम. माझ्या ६५ लिटरला १३० ग्रॅम. वेगळ्या भांड्यात विरघळवून, निम्मं आज आणि निम्मं उद्या. खडा तसाच टाकला आणि कोरीच्या अंगावर पडला तर चटका बसतो. कोरी, लोच, नाजूक टेट्रा असतील तर लिटरला १ ग्रॅमवर थांबून बघा. व्हॅलिसनेरियासारखी झाडं मिठात मान टाकतात, ती आधीच काढून ठेवा.

तिसऱ्या दिवसापासून: दिवसाआड २० लिटर, म्हणजे एक मोठी बादली बदलायची. नव्या बादलीत ४० ग्रॅम मीठ, कारण तेवढंच बाहेर गेलं. आणि इथला सापळा: पाणी उडून पातळी खाली गेली तर वर साधं पाणी घाला, मीठ नको. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. हे न कळल्याने लोक दहा दिवसांत मात्रा दुप्पट करून बसतात.

चार-पाच दिवसांत ठिपके गळतात. इथे बहुतेक जण थांबतात आणि आठवड्याने पुन्हा रडत येतात. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी एक आठवडा सगळं तसंच चालू ठेवा. मग पाणी बदलत बदलत मीठ कमी करा, हीटर रोज एक अंश खाली.

मिठाने पाच दिवसांत काहीच फरक पडला नाही, किंवा कल्ले फार भरभर चालताहेत, तर इकचं तयार औषध घ्या, वरच्या पायरीतल्या मापाने.

८. आजाऱ्याचं खाणं-पिणं

मोठा मासा तीन-चार दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. खाल्लं नाही म्हणून आणखी टाकू नका. उरलेलं अन्न पाच मिनिटांत काढून घ्या. दुकानात मिळणाऱ्या जिवंत ट्युबिफेक्स अळ्या आजाऱ्याला देऊ नका. त्या घाण पाण्याच्या गाळात वाढतात आणि स्वतःबरोबर काय घेऊन येतील सांगता येत नाही. दिवा मंद ठेवा. काचेवर टकटक करणाऱ्या पाहुण्यांना, आणि हो, आजोबांनाही, स्पष्ट सांगा.

९. वाचणार नसेल तेव्हा

कधीकधी मासा आडवा पडतो, खवले उभे राहतात, तीन दिवस तसाच धापा टाकत राहतो. तेव्हा त्याला सोडवणंही आपलंच काम. फ्रीजरमध्ये ठेवणं किंवा संडासात सोडणं म्हणजे हाल आहेत. लवंगेचं तेल केमिस्टकडे मिळतं. छोट्या बाटलीत कोमट पाणी घेऊन त्यात, मासा ज्या भांड्यात ठेवलाय त्यातल्या पाण्याच्या दर लिटरला अर्धा मिलि या हिशेबाने, तेल घाला, दुधासारखं होईपर्यंत हलवा आणि त्या भांड्यात ओता. मासा गुंगीत जातो. कल्ले हलायचे थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू द्या. आम्ही कुंडीत पुरतो. मुलाला सगळं सांगते, लपवत नाही.

आजारी किंवा नकोसा झालेला मासा ओढ्यात, तलावात, विहिरीत सोडू नका. सकर म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेचा मासा अशाच दयेपोटी आपल्या नद्या-तलावांत शिरला आणि आता कोळ्यांची जाळी फाडतोय.

१०. नवीन मासा थेट टाकीत नाही

आजारातून उठलेला मासा परत नेताना, आणि विकत आणलेला प्रत्येक नवा मासा, पद्धत एकच. पिशवी पाण्यावर वीस मिनिटं तरंगू द्या. मग मासा ज्यात सोडायचाय त्यातलं थोडं थोडं पाणी पिशवीत घालत जा. मासा जाळीने उचला आणि पिशवीतलं पाणी मोरीत टाका. नवा मासा टबात दोन आठवडे, जमलं तर चार. या काळात औषध द्यायचं नाही, फक्त बघायचं. जाळी आणि नळी टबाची टबाला. दुकानातच टाकीतले इतर मासे कसे आहेत ते बघून घ्या. एक मेलेला तळाशी दिसला तर त्या टाकीतला कुठलाच मासा नको, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

आत्ता गॅलरीतल्या टबात सहा कोरी आहेत. आज नववा दिवस. एकाची मिशी थोडी झिजलेली वाटते, म्हणून काल आणि आज फोटो काढून ठेवलेत. टब मुलगाच बघतो, वहीही तोच लिहितो. कालच्या पानावर त्याने लिहिलंय: "अमोनिया ०. पाणी ६ लिटर बदललं. सगळे सहा दिसले."